ब्विंडीत गोरिला पाहायला जाताना: सेक्टर, सर्दी आणि हातमोजे

युगांडातल्या ब्विंडी राष्ट्रीय उद्यानाच्या सहलीत घोळ होतो तो बहुतेकदा परमिट काढतानाच. परमिट अख्ख्या जंगलाचं नसतं, एका सेक्टरचं असतं. बुहोमा, रुहिजा, रुशागा आणि न्कुरिंगो हे चारही नकाशावर शेजारी दिसतात, पण मध्ये डोंगर आहेत आणि रस्ता लांबचा वळसा घालून जातो. बुहोमात हॉटेल आणि परमिट रुशागाचं असलं, तर सकाळी आठच्या सुमारास होणारं ब्रीफिंग गाठणं अवघड. ते चुकलं की 800 डॉलर पाण्यात. तेव्हा आधी परमिट, मग मुक्काम, मग विमान. एंटेबे विमानतळावरून गाडीने आठ-दहा तास धरा. रुशागा आणि न्कुरिंगोला शेजारच्या रवांडाची राजधानी किगालीहून जाणं सोयीचं. रवांडातल्या गोरिलांपर्यंतचा चढ काहीसा सोपा, पण तिथे परमिटच 1500 डॉलरचं.

यलो फीव्हरची लस किमान 10 दिवस आधी घ्या. लस घेतल्याचं पिवळं कार्ड नसेल तर परतल्यावर भारतात थेट विलगीकरणात रवानगी होऊ शकते.

सह्याद्रीत भटकणाऱ्यांना चढाचं काही वाटणार नाही. पण इथे पाय बऱ्याचदा जमिनीवर नाही, वेलींच्या गादीवर पडतो. घसरताना हात मिळेल ते झुडूप धरतो आणि ते नेमकं खाजरं निघतं, म्हणून बागकामाचे जाड हातमोजे हवेत. पँट मोज्यात खोचा, मुंग्या आत शिरतात. पोर्टर घ्याच, चढावर तो हात देतो आणि पैसा गावात राहतो.

गोरिलांच्या एका कुटुंबाला दिवसाला फक्त आठ पर्यटक भेटतात, तेही एक तास. गाइड घशातून खाकरल्यासारखा जड आवाज काढतो, तो गोरिलांना शांत ठेवण्यासाठी. मास्क आणि 10 मीटर अंतर हे मुख्यतः त्यांच्या जिवासाठी आहे: आपली साधी सर्दी त्यांच्यात न्यूमोनियापर्यंत जाऊ शकते, आणि 2018च्या गणनेपर्यंत जगात माउंटन गोरिला होते जेमतेम 1063. सर्दी लपवून जाणारा पर्यटक चिडलेल्या सिल्व्हरबॅकपेक्षा (रुपेरी पाठीच्या प्रौढ नरापेक्षा) घातक, हे आमचं स्पष्ट मत. पिल्लू जवळ आलं तर मागे सरायचं ते आपणच.

कॅमेऱ्याचा फ्लॅश आणि फोकसचा लाल दिवा हॉटेलवरच बंद करून निघा. समोर गोरिला असताना मेनू शोधण्यात पाच मिनिटं सहज जातात.