मेरापीच्या पायथ्याशी मुक्काम: जावातलं गाव, सलाकच्या बागा आणि "जमीन घेऊन टाकू का?"

इंडोनेशियात, जावा बेटावरच्या खेड्यात राहून आलो म्हटल्यावर दोन जणांनी फोटो मागितले आणि बाकी सगळ्यांनी एकच विचारलं, तिकडे जमीन स्वस्त आहे म्हणे, घेऊन टाकायची का. त्याचं उत्तर खाली सविस्तर देतो, पण घाई असलेल्यांसाठी आत्ताच सांगतो, नाही. राहायला मात्र जरूर जा.

गाव मध्य जावात, मागेलांग जिल्ह्यात, स्रुम्बुंग भागात. मेरापी ज्वालामुखीचा पश्चिम उतार. गावाचं नाव मुद्दाम देत नाही कारण वीस-पंचवीस घरांची वस्ती आहे आणि ज्यांच्याकडे राहिलो ते काही हॉटेलवाले नाहीत, माझ्या जुन्या सहकाऱ्याचे आईवडील. पण त्या पट्ट्यातलं कुठलंही गाव घ्या, चित्र साधारण हेच, खाली भातखाचरं, वर चढत गेलं की सलाक नावाच्या फळाच्या बागा, त्याच्याही वर मिरची-भाजीपाला आणि मग जंगल आणि धूर.

पोचायचं कसं. मुंबईहून जकार्ताला थेट विमान आहे, तिथून जोग्जाला (योग्यकर्ताला सगळे जोग्जाच म्हणतात) रेल्वेने सहा-सात तास, आणि मी तरी विमानापेक्षा रेल्वेच सुचवीन, वेळेवर असते, स्वच्छ असते आणि दिवसाची गाडी घेतली तर खिडकीतून अर्ध्या जावाची शेती बघून होते. विमानानेच गेलात तर नवीन एअरपोर्ट शहरापासून लांब कुलोन प्रोगोला आहे, तिथून जोग्जाच्या तुगू स्टेशनला ट्रेन पाऊण तासात आणते, टॅक्सीच्या नादी लागू नका. जोग्जाहून गावाखालचं मुन्तिलान पंचवीस-तीस किलोमीटर, जोग्जाच्या जोम्बोर टर्मिनलवरून बस मिळते. मुन्तिलानच्या वर मात्र सार्वजनिक वाहतूक जवळजवळ संपलीय. गोजेक-ग्रॅब (आपल्या ओला-उबरसारखी ॲपं) तुम्हाला वर सोडून जाईल पण परत न्यायला वर कुणी येत नाही, त्यामुळे जोग्जाहूनच स्कूटर भाड्याने घ्या, दिवसाला सत्तर हजार ते लाख रुपिया. घाबरू नका, आपल्या एका रुपयाला त्यांचे दोनशेच्या आत-बाहेर येतात. आंतरराष्ट्रीय परवाना घरूनच काढून न्या आणि त्यावर दुचाकीचा शिक्का आहे ना बघा, नाहीतर पडलात तर विमा कंपनी हात वर करते.

व्हिसा आपल्याला ऑन अरायव्हल मिळतो, पाच लाख रुपिया, तीस दिवस, आणि एकदाच आणखी तीस दिवस वाढवता येतो. वाढवायचं असेल तर मुदतीच्या आठवडाभर आधीच इमिग्रेशन ऑफिसच्या मागे लागा, कारण एक दिवस जास्त राहिलात की दहा लाख रुपिया दंड, दर दिवसाला. फोनचं पण ऐका, परदेशी हँडसेटमध्ये स्थानिक सिम टाकायचं तर तो रजिस्टर करावा लागतो, पर्यटकाला नव्वद दिवसांचं रजिस्ट्रेशन सिम कंपनीच्या काउंटरवर पासपोर्ट दाखवून होतं, ते खाली शहरातच उरका.

गावात पोचल्यावर पहिलं काम म्हणजे पाक एर-तेंना भेटणं (पाक म्हणजे आदराने "काका"). एर-ते म्हणजे तीस-चाळीस घरांचा मुखिया, शेजाऱ्यांतलाच कोणीतरी, पगार नाही आणि डोक्याला ताप फुल. गल्लीच्या तोंडाशी पाटीच असते, पाहुण्याने चोवीस तासांत कळवावं म्हणून. यजमान घेऊन जातात, पासपोर्टची झेरॉक्स द्यायची, चहा प्यायचा (साखर इतकी की आपला अमृततुल्य फिका), किती दिवस, लग्न झालंय का, मुलं किती, धर्म कोणता, सगळं विचारून होतं. यात खोचकपणा काही नाही. धर्म विचारला की "हिंदू" सांगितलं, तर त्यांना वाटलं बालीचा, मग अर्जुन-भीमावरून गाडी अशी सुरू झाली की तासभर. भीमाला ते वर्कुदोरो म्हणतात आणि त्याच्याबद्दल आपल्यापेक्षा जास्त गोष्टी त्यांच्याकडे आहेत.

राहणीमान सांगायचं तर घर पक्कं, फरशी चकचकीत, संडास भारतीय पद्धतीचा आणि बाथरूममध्ये हौद नि तांब्या, म्हणजे आपल्याला शिकायला काहीच नाही. पाणी डोंगरातल्या झऱ्याचं, पाइपने येतं, गार. हौदात उतरायचं नसतं हो, तांब्याने बाहेर घ्यायचं. वीज प्रीपेड, मीटर घराच्या दर्शनी भिंतीवर आणि बॅलन्स संपत आला की टीट-टीट ओरडायला लागतो, त्यामुळे कुणाकडे पैशाची तंगी आहे हे अख्ख्या गल्लीला कळतं. पहाटे सव्वाचारच्या सुमारास मशिदीचा भोंगा, त्यानंतर कोंबडे, त्यानंतर स्कूटरी. झोपेचं ज्यांना फार लागतं त्यांनी कानात बोळे न्यावेत.

आता सलाक. आपल्याकडे हे फळ फारसं कुणी पाहिलेलं नाही, बाहेरून सापाच्या कातडीसारखी साल, आत लसणाच्या मोठ्या पाकळ्यांसारखा गर, कुरकुरीत आणि गोड-तुरट. इथली जात पोंदोह. माडाच्याच कुळातलं झाड पण खोड नसल्यासारखं, जमिनीतूनच झावळ्या आणि त्यांना बोटभर काटे. गंमत म्हणजे नराचं झाड वेगळं आणि मादीचं वेगळं, आणि निसर्गावर सोडलं तर धड फळ धरत नाही, म्हणून सकाळी उठून आमचे यजमान पाक नराचा तुरा कापतात, काट्यांतून वाकून मादीच्या फुलावर झटकतात आणि पाऊस लागू नये म्हणून वर झाकण घालतात. हे प्रत्येक झाडाला, फुलं उमलतील तसं, वर्षभर. पाच-सहा महिन्यांनी घोस तयार. मी सोबत जायचो, मोज्यातूनसुद्धा काटे घुसतात, आणि त्यांच्या हातांवर इतके जुने व्रण की नवा कुठला ते कळत नाही.

एवढं करून भाव काय. हंगामाच्या भरात, साधारण नोव्हेंबर ते जानेवारी, बागेत किलोला तीन हजार रुपियापर्यंत खाली येतो, म्हणजे आपले पंधरा-सोळा रुपये, आणि तोच माल जोग्जाच्या सुपरमार्केटात किती पट दिसतो ते विचारू नका. बरेच जण उभं पीक व्यापाऱ्याला देऊन मोकळे होतात. भातात तर हे सर्रास, कापणीच्या थोडं आधी पेनेबास, म्हणजे तो व्यापारी, येतो, बांधावरून नजर फिरवतो, ठोक रक्कम सांगतो आणि कापणीची माणसंही तोच आणतो. जास्त अडलेला शेतकरी पीक हिरवं असतानाच पैसे उचलतो, त्याला इजोन म्हणतात, आणि त्यात तो पडतो तो पडतोच. आपल्याकडच्या कुणाही शेतकऱ्याला हे समजवायला दुभाषा लागणार नाही.

तर जमीन. इंडोनेशियाचा १९६० चा जमीन कायदा आहे, त्याप्रमाणे पूर्ण मालकी, हाक मिलिक, फक्त इंडोनेशियन नागरिकाला. परदेशी माणसाला नाही म्हणजे नाही. यावर तोडगा म्हणून "स्थानिक माणसाच्या नावावर घ्या, बाजूला करार करून ठेवा" असं सांगणारे एजंट बालीत ढिगाने आणि आता जावातही भेटतात, मलाही एक भेटला, फार गोड बोलला. तो करार कायद्यानेच रद्दबातल आहे. भांडण झालं तर जमीन नावावर असलेल्याची किंवा सरकारची, तुमची कधीच नाही. परदेशी माणसाला घरासाठी वापरहक्क मिळतो, हाक पाकाई, २०२१ च्या नियमांप्रमाणे तीस अधिक वीस अधिक तीस वर्षं, पण त्याला घराची किमान किंमत ठरलेली आहे आणि ती अब्ज रुपियांत जाते, खेड्यातलं घर त्या हिशोबात बसतच नाही. कंपनी काढून करायचं तर परदेशी कंपनीला दहा अब्ज रुपियांच्या वर गुंतवणूक दाखवावी लागते आणि त्यात जमीन नि इमारत धरत नाहीत. पाच कोटी रुपये घालून सलाक विकणार असाल तर माझ्या शुभेच्छा.

आणि शेतजमिनीचं तर त्यांच्या त्यांच्यातही अवघड आहे. मालक त्याच भागात राहणारा हवा असा १९६१ पासून नियम आहे, जकार्तावाल्यालासुद्धा कागदावर तो आडवा येतो (तरी घेतातच, तो भाग वेगळा). चांगली भातशेती २००९ च्या कायद्याने राखीव ठेवता येते, तिथे बंगला बांधायला परवानगी मिळत नाही. शिवाय वाटण्या होऊन होऊन जावातल्या शेतकऱ्याकडे अर्धा हेक्टरसुद्धा नसतो बहुतेकांकडे, आणि कितीतरी तुकड्यांना अजून पक्कं सर्टिफिकेट नाही, गावच्या दप्तरातली जुनी नोंद तेवढी. वर काही जमीन गावच्या पदाधिकाऱ्यांना पगाराऐवजी कसायला दिलेली, बेंगकोक, ती विकायला कुणाचीच नाही, पण अनोळखी माणसाला ती "विकायला आहे" म्हणून दाखवली जाऊ शकते. तिथल्या मुलीशी लग्न करून बघू म्हणणाऱ्यांनी एवढंच लक्षात ठेवावं की मालमत्ता वेगळी ठेवायचा करार नसेल तर बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते आणि तिचीही मालकी अडचणीत येते. २०१६ च्या कोर्टाच्या निकालानंतर हा करार लग्नानंतरही करता येतो.

मग पैसे घालायचेच तर कशात? माझं मत, घर भाड्याने घ्या. गावात भाडं वर्षाचं एकरकमी देतात, आम्हाला सांगितलेले आकडे पन्नास लाख ते एक कोटी रुपिया वर्षाला, म्हणजे आपले पंचवीस ते पन्नास हजार. लेखी घ्या, पाक एर-तेंची सही साक्षीला घ्या. छप्पर-बाथरूम दुरुस्तीला स्वतःचे पैसे घालणार असाल तर ते परत येणार नाहीत असं धरूनच घाला. व्हिसा ऑन अरायव्हलवर काम करता येत नाही, होमस्टे "चालवतो" वगैरे चारचौघांत बोलूही नका.

खरा खर्च वेगळाच आहे आणि तो कुणी सांगत नाही. लग्न, बारसं, मयत, सुंता, घरभरणी, गावात सतत काहीतरी असतं आणि राहायला आलेल्याने पाकीट द्यायचं असतं, साधारण पन्नास हजार रुपिया. कुणी काय दिलं ते वहीत लिहिलं जातं आणि तुमच्याकडे कार्य निघालं की तेवढं परत येतं, तुमच्याकडे निघणार नाही हे त्यांनाही माहीत आहे, तरी द्या. बायका कार्याच्या घरी दोन-तीन दिवस स्वयंपाकाला जातात, पुरुष रविवारी गटार-रस्ता साफ करायला, रात्री गस्तीची पाळी. तिथे हजर राहिलात की गाव तुमचं. नुसते पैसे देऊन घरात बसलात तर लोक गोडच बोलतील, पण आत घेणार नाहीत. जावी माणूस तोंडावर नाही म्हणत नाही. "हो, बघू" आलं की ते नाहीच समजायचं.

शाकाहारी लोकांचं छान चालतं, तेम्पे, टोफू, नारळ घातलेली पालेभाजी, शेंगदाण्याच्या चटणीतलं पचेल, मागेलांगचा कुपात ताहू. फक्त सांबालमध्ये तेरासी, म्हणजे आपल्या जवळ्याचा चुलतभाऊ, असते. "तानपा तेरासी", म्हणजे तेरासीशिवाय, पाठ करा. गावच्या खानावळीत दहा-पंधरा हजार रुपियात पोट भरतं. रमजानमध्ये दिवसा बऱ्याच बंद असतात, आणि ईदच्या आठवड्यात तर जाऊच नका, अख्खं जावा गावाला निघालेलं असतं, रेल्वेची बुकिंग दीड महिना आधी उघडते आणि उघडल्या उघडल्या संपते. बाजाराचा वार पाच दिवसांच्या चक्राने येतो, पोन, वागे, क्लिवोन, लेगी, पाहिंग, त्यामुळे "दर मंगळवारी" असलं काही नसतं, आधी विचारून घ्या.

जवळपास काय बघायचं? बोरोबुदुरचा बौद्ध स्तूप तासाच्या आत. वर चढायचं वेगळं तिकीट, परदेशी माणसाला साडेचार लाख रुपियांच्या पुढे, दिवसाला ठरावीकच लोक, आणि सोमवारी वर सोडत नाहीत. पण मला जास्त आवडलं ते सालामजवळच्या टेकडीवरचं गुनुंग वुकिरचं देऊळ, पडकं, गर्दी शून्य. इथेच इसवी सन ७३२ चा संजय राजाचा संस्कृत शिलालेख सापडला, शिवलिंग स्थापल्याचा, आणि त्यात यवद्वीपाची स्तुती आहे ती धान्य आणि सोन्याबद्दल. मूळ शिळा जकार्ताच्या म्युझियममध्ये आहे. टेकडीखालची भातं अजून आहेत.

शेवटी मेरापी, कारण त्याशिवाय या भागाबद्दल बोलणं अर्धवट. २०१० च्या उद्रेकात साडेतीनशेच्या वर माणसं गेली, आणि पुढच्या जानेवारीत पावसाबरोबर त्या राख-दगडांनी काली पुतिह नदीतून खाली येऊन मागेलांग-जोग्जा हमरस्ताच तोडला. नोव्हेंबर २०२० पासून डोंगर तिसऱ्या पातळीच्या इशाऱ्यावर आहे. त्यातूनच माती सुपीक होते, त्यातूनच वाळू मिळते आणि ट्रक दिवसरात्र धावतात. वरच्या प्रत्येक गावाला खालचं एक जोडगाव ठरवून दिलंय, पळायची वेळ आली तर कुणी कुठे जायचं ते आधीच पक्कं. तुमचं जोडगाव कुठलं ते पहिल्याच दिवशी विचारा, जोग्जाच्या ज्वालामुखी केंद्राचं, बेपेपेतेकागेचं, रोजचं बुलेटिन बघत जा, पाऊस चालू असताना नदीपात्रात फोटोला उतरू नका, आणि स्कूटरची टाकी कधी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. जायला मे ते ऑगस्ट बरा, कोरडा असतो आणि सकाळी सहाच्या आत डोंगर स्वच्छ दिसतो, आठनंतर ढग.