आमची वाटचाल : आधी खडू, मग पाना

पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग म्हणजे कार्बोरेटर. आमच्या गॅरेजात त्याला कुणी कार्बोरेटर म्हणत नाही, ‘कार्बेटर’ म्हणतात. इथेही तसंच लिहितो.

१९९९ साली सांगलीत पत्र्याचं शेड भाड्यानं घेतलं. भांडवल म्हणजे वस्तादांनी दिलेला पान्यांचा जुना सेट आणि सहा वर्षं त्यांच्या हाताखाली खाल्लेल्या शिव्या. रस्त्यावर तेव्हा आरएक्स १००, राजदूत, येझदी या मोटारसायकली भरपूर. यातल्या आरएक्स आणि येझदी १९९६ लाच बनायच्या बंद झालेल्या, त्यामुळे दुरुस्तीला तोटा नव्हता. गाडी मिसिंग मारते, म्हणजे अडखळत चालते, म्हटलं की मी सरळ कार्बेटर खोलायचो. धुवायचा, जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल जातं त्या बारीक भोकात, हवा मारायची, बसवायचा. गिऱ्हाईक खूश, मी खूश.

मग एक येझदी आली. मिरजेहून निघाली की विजयनगरपाशी बंद. पाच मिनिटं थांबलं की पुन्हा चालू. मी कार्बेटर तीनदा खोलला, पायलट जेट बदलला, शेवटी गिऱ्हाइकाला नवा कार्बेटर घ्यायला लावला. तरी विजयनगर काही सुटेना. वस्ताद चहाला आले होते. त्यांनी नुसतं टाकीचं झाकण उघडलं. फुस्स करून आवाज आला. झाकणातलं हवेचं भोक मातीनं बुजलं होतं. टाकीत हवा शिरेना म्हणून पेट्रोल खाली उतरेना. काम टाचणीचं होतं. कार्बेटरचे पैसे मी हप्त्याहप्त्यानं परत केले.

तेव्हापासून आमच्याकडे तपासणी टाकीपासून खाली येते. झाकण, कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी), पाइप, आणि सगळ्यात शेवटी कार्बेटर. गळतीला तर हे जास्तच लागू. पेट्रोल थेंब थेंब पडतं वाटीखाली (कार्बेटरच्या तळाशी पेट्रोल साठतं ती वाटी), म्हणून जो तो वाटीचं पॅकिंग बदलतो. एका शिक्षकांच्या आरएक्सचं पॅकिंग आमच्याकडे येण्याआधी दोनदा बदलून झालं होतं. आम्ही सगळं कोरडं पुसलं, फळ्यावरचा खडू किसून कॉकपासून वाटीपर्यंत भुकटी लावली, कॉक चालू केला आणि बघत बसलो. सात-आठ मिनिटांनी भुकटी ओली झाली ती वर, कॉक टाकीला बसतो त्या जोडावर. तिथून ओघळ पाइपवरून खाली येऊन वाटीच्या टोकाला लटकत होता. वॉशर बदलला, संपलं.

अडचण अशी, की वॉशरचे असे किती पैसे घेणार? अर्धा तास बघत बसायचं आणि बिल चहा-वड्याएवढं. नवा कार्बेटर विकला असता तर चार पैसे सुटले असते. हिशेब आमच्या मंडळी बघतात. त्याच म्हणाल्या, “दोष शोधायचे वेगळे पैसे लावा.” तपासणीचे पैसे मागतो म्हणून सुरुवातीला दोन-चार जण भांडले. आज धंदा त्यावरच उभा आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं. पाणी ओसरल्यावर दारात गाड्यांची रांग लागली. पेट्रोलपेक्षा पाणी जड, ते वाटीच्या तळाशी बसतं आणि मेन जेट आधी तेच ओढतो. “किक मारू नका, तशीच ढकलत आणा,” हे फोनवर किती जणांना सांगितलं असेल! ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्या सिलिंडरात गाळ गेला.

पुढच्याच वर्षी बीएस-६ हा गाड्यांच्या धुराचा कडक नियम आला आणि बहुतेक नव्या गाड्यांतून कार्बेटर गेला. दुकान बसणार असं वाटलं होतं. उलट जुन्या गाड्यांना हात लावणारे कमी झाले आणि आमच्याकडची गर्दी वाढली. त्यात पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढलं. ते हवेतली ओल धरतं. जुने रबरी पाइप कडक होऊन तडकतात, महिनाभर उभ्या गाडीच्या वाटीत पांढुरका थर बसतो. आमची निम्मी गिऱ्हाइकं ऊसवाली. इथेनॉलला भाव मिळावा म्हणतात आणि पाइप तडकला की इथेनॉललाच शिव्या देतात.

परवा पलूसकडून एक जुनी बुलेट आली, तक्रार फक्त ॲव्हरेजची. मालक कौतुकानं म्हणाले, “इंजिन एक नंबर आहे. ऑइल खात नाही, उलट जरा वाढतंच!” आमचा पोरगा हसायला लागला, त्याला डोळ्यांनी गप्प केलं. कॉक नीट बंद होत नव्हता, वाटी भरली की पेट्रोल अडवणाऱ्या फ्लोट पिनच्या टोकाला झिजून गोल खाच पडली होती, आणि रात्रभर पेट्रोल झिरपत इंजिनात उतरत होतं. एक थेंब बाहेर नाही. ऑइल ट्रेमध्ये सोडलं, पाण्यासारखं पातळ. मालकांना म्हटलं, वास घ्या. त्यांनी घेतला, आणि खिशातून काढलेली बिडी पुन्हा खिशात ठेवली.