बदामाचं लाल पान आणि निळा टब

कर्वेनगरमधल्या आमच्या गल्लीत देशी बदामाची दोन झाडं आहेत. जानेवारीत त्यांची पानं तांबडीलाल होऊन गळायला लागली, की दूध आणायला जाताना मी कापडी पिशवी बरोबर घेते. हॉलमधल्या ९० लिटरच्या माशांच्या टाकीत निऑन टेट्रा आणि कोरी (तळाशी फिरणारे छोटे मासे) आहेत, जेवणाच्या टेबलाशेजारच्या छोट्या टाकीत एक निळा फायटर मासा. त्यांच्या पाण्यात घालायला वर्षभराची पानं मी याच दिवसांत गोळा करून ठेवते.

चार वर्षांपूर्वी डिसेंबरात मी सहा नवे निऑन आणले आणि तासाभरात सरळ टाकीत सोडले. हीटर नव्हता. पहाटे पाणी १९ अंशांवर उतरायचं. पाचव्या दिवशी एकाच्या शेपटीवर रव्याच्या कणाएवढा पांढरा ठिपका दिसला. आठवड्याभरात जुन्या माशांसकट अकरा गेले. लेकीने नाव ठेवलेली कोरीसुद्धा त्यात होती. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, चिमूटभर हळद टाक, नाहीतर कडुनिंबाचा पाला." त्यांनी तळमळीनेच सांगितलं होतं, पण आपल्या जखमेला चालतं ते माशाला चालेलच असं नाही. पाण्यात टाकलेलं औषध तो श्वासाबरोबर आत घेतो. कडुनिंबाचा अर्क माशांना विषारी ठरू शकतो, म्हणून मी दोन्ही टाळलं.

बदामाच्या पानाचं मात्र तसं नाही. त्यातली टॅनिन्स, म्हणजे तुरट द्रव्यं, पाण्यात उतरतात, पाणी कोऱ्या चहासारखं होतं आणि बुरशी, जिवाणू यांना थोडा अटकाव बसतो. थायलंडमध्ये फायटर पाळणारे हेच पान वापरतात. आमच्या फायटरचे पर फाटले होते, ते पान घातलेल्या पाण्यात स्वच्छ भरून आले. पान गळलेलं, तपकिरी, कोरडं हवं. हिरवं तोडलेलं नको. रहदारीच्या रस्त्यावरचं किंवा फवारणी झालेल्या झाडाखालचं मी उचलत नाही. आणि जंगली बदाम म्हणतात ते झाड वेगळं, त्याची पानं हाताच्या पंजासारखी असतात. आणलेली पानं धुऊन सुपात वाळवायचं काम आता सासूबाईंनी घेतलं आहे. ४०-५० लिटरला एक पान. फिल्टरमध्ये कोळसा असेल तर तो काढावा, नाहीतर उतरलेलं सगळं तोच शोषून घेतो. बोअरच्या जड पाण्यात पानाने पीएच (पाण्याची आम्लता) फारसा हलत नाही, तेवढी अपेक्षा ठेवू नये.

पण पानाने व्हाइट स्पॉट, म्हणजे तो पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, बरा होत नाही, हे मला ठासून सांगायचं आहे. ठिपक्याच्या आत बसलेल्या परजीवीपर्यंत काहीच पोचत नाही. तो गळून तळाशी पडतो, तिथे त्याची शेकडो पिल्लं होतात, आणि ती नवा मासा शोधत पोहत असतात तेवढ्यातच मारता येतात. पाणी गार असेल तर हे चक्र लांबतं. म्हणून हीटरने पाणी हळूहळू ३० अंशांपर्यंत न्यायचं आणि हवेचा पंप वाढवायचा, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. सोबत साधं खडा मीठ, लिटरला दोन ग्रॅम, तेही दोन दिवसांत विभागून. कोरी आणि पाणवनस्पतींना मीठ सोसत नाही, म्हणून मी ते टाकीत घालत नाही. आजारी मासा वेगळ्या टबात काढते. आणि मीठ वाफेबरोबर उडत नाही. पाणी आटलं तर नुसतं पाणी घालावं. मीठ फक्त बदललेल्या पाण्यापुरतं.

लसणाचा रस खाण्यावर चोळून देतात, मीही देते. रुसलेला मासा त्याने खायला लागतो, एवढंच मी पाहिलं आहे.

खरी भिस्त आता निळ्या टबावर आहे. बाल्कनीतला, २५ लिटरचा, स्पंज फिल्टर आणि छोटा हीटर लावलेला. नवा मासा तीन आठवडे तिथेच राहतो. त्याची जाळी आणि बादलीही वेगळी. दर रविवारी टाकीतलं पाव पाणी बदलते. नळाचं पाणी शनिवारीच उघड्या बादल्यांत भरून ठेवते, म्हणजे क्लोरीन उडून जातं.

सध्या टबात चार काळ्या मॉली आहेत. सासूबाईंनी कॅलेंडरवर त्या आल्या त्या तारखेला पेन्सिलने गोल केला आहे. रोज सकाळी चहा घेऊन त्या बाल्कनीत जातात, चष्मा लावून एकेकीचं अंग बघतात आणि आत येऊन मला सांगतात, "चौघीही स्वच्छ आहेत गं. अजून नऊ दिवस."