ऑटो मोड सोडल्यावर: कॅमेऱ्याच्या सेटिंग्ज शिकतानाचा माझा अनुभव

कॅमेऱ्यासोबत आलेलं मॅन्युअल मी मन लावून वाचायला घेतलं होतं. त्यात प्रत्येक बटण काय करतं ते लिहिलेलं असतं, पण ते कधी आणि कशासाठी दाबायचं याबद्दल अवाक्षर नसतं. मेन्यूचंही तेच. पानांमागून पानं, आणि सगळ्याच गोष्टी सारख्याच महत्त्वाच्या असल्यागत एकाखाली एक. शेवटी मी मॅन्युअल बाजूला ठेवलं आणि उलट्या बाजूने सुरुवात केली. ऑटोवर काढलेले स्वतःचेच फोटो घेऊन बसले आणि कॅमेऱ्याने प्रत्येक फोटोच्या वेळी काय ठरवलं होतं ते वाचू लागले.

ही नोंद फोटोच्या फाइलमध्येच असते, तिला एक्झिफ म्हणतात. ॲपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक) किती, शटर स्पीड (उजेड किती वेळ आत येतो) किती, आयएसओ (तो उजेड किती वाढवून दाखवायचा) किती, लेन्स किती मिलिमीटरवर होती, फ्लॅश उडाला की नाही, सगळं. कॅमेऱ्यावर फोटो बघताना ‘इन्फो’ किंवा ‘डिस्प’ बटण दाबलं की दिसते, कॉम्प्युटरवर फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये सापडते.

हललेले फोटो वेगळे काढले. जवळजवळ सगळे घरातले, दिवे लागल्यानंतरचे; शटर स्पीड १/१५, १/२०, १/३० सेकंद. उन्हात काढलेल्या फोटोंत तोच आकडा १/५०० च्या पुढे. म्हणजे उजेड कमी पडला की कॅमेरा शटर जास्त वेळ उघडं ठेवून वेळ मारून नेत होता. त्यातही दोन प्रकार निघाले. काही फोटोंत भिंत, खुर्ची, माणूस, सगळं एकाच दिशेने सरकलेलं. तिथे माझा हात हलला होता. काहींत मागच्या कपाटातल्या पुस्तकांची नावंसुद्धा वाचता येत होती आणि समोरच्या मुलाचा हात मात्र नुसता फिकट पट्टा. तिथे हलला होता तो.

हे दोन प्रकार वेगळे ओळखता आले आणि बराच गुंता सुटला. लेन्समधलं किंवा सेन्सरचं (उजेड टिपणाऱ्या चिपचं) स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताची थरथर सावरणारी सोय, हा पहिल्यावरचा इलाज आहे, दुसऱ्यावर त्याचा काडीचाही उपयोग नाही. समोरचं हलत असेल तर शटरच वेगवान हवं. मी स्वतःपुरते आकडे ठरवून टाकले: बसून बोलणाऱ्या माणसाला १/१२५, चालणाऱ्याला १/२५०, पळणाऱ्या मुलांना १/५०० आणि त्यावर. हाताच्या थरथरीसाठी एक जुना ठोकताळा आहे. लेन्स जितक्या मिलिमीटरची, सेकंदाचा निदान तितकावा भाग. एपीएस-सी, म्हणजे पूर्ण आकाराच्या फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सर असेल तर आधी दीडने गुणायचं, कॅननमध्ये १.६ ने. म्हणजे ५० मिमीच्या लेन्सला साधारण १/८०. कुणाचा हात जास्त स्थिर, कुणाचा कमी. शेवटी स्वतःचा आकडा स्वतःच शोधावा लागतो.

शटर वेगवान केलं की फोटो काळा यायला लागला, आणि मग त्या प्रसिद्ध त्रिकोणाशी गाठ पडली: ॲपर्चर, शटर, आयएसओ. हा समजावताना नळाने बादली भरण्याचं उदाहरण हटकून दिलं जातं. मला त्याने काहीच कळलं नाही, कारण नळ कितीही मोठा सोडला तरी बादलीच्या मागची भिंत धूसर होत नाही. तिघांमुळेही फोटो उजळ किंवा गडद होतो हे खरं, पण प्रत्येकाची किंमत वेगळी. ॲपर्चर मोठं केलं तर स्पष्ट दिसणारा पट्टा अरुंद होतो, शटर लांबवलं तर हालचाल पुसट होते, आयएसओ चढवला तर दाणे दिसतात. आज यातली कुठली किंमत परवडेल, एवढाच प्रश्न दर वेळी असतो.

ॲपर्चरच्या आकड्यांनी मात्र डोकं खाल्लं. १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. ही कसली चढण? आणि आकडा मोठा तर भोक लहान का? कागदावर मांडून बघितलं तेव्हा उलगडलं. लेन्सच्या फोकल लेन्थला (म्हणजे तिच्या त्या मिलिमीटरना) भोकाच्या व्यासाने भागलं की हा आकडा येतो. ५० मिमीच्या लेन्समध्ये एफ/२ म्हणजे २५ मिमीचं भोक, एफ/१६ म्हणजे जेमतेम ३ मिमीचं. उजेड अवलंबून असतो क्षेत्रफळावर आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर. म्हणून व्यास १.४ पट कमी झाला की उजेड बरोबर निम्मा. पुढचा प्रत्येक आकडा म्हणजे निम्मा उजेड, यालाच एक स्टॉप म्हणतात. १/१२५ वरून १/२५० वर गेलं तरी एकच स्टॉप कमी, आयएसओ ४०० वरून ८०० केला तर एक स्टॉप जास्त. तिन्हीकडचा हिशेब एकाच मापात होतो, म्हणून एकीकडे गमावलेलं दुसरीकडे भरून काढता येतं.

डीएसएलआरमध्ये, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यात, हे डोळ्यांनीही बघता येतं. लेन्स एरवी पूर्ण उघडीच असते, ठरवलेलं ॲपर्चर फोटो निघण्याच्या क्षणापुरतं मिटतं. पण डेप्थ प्रिव्ह्यूचं (ॲपर्चर आधीच मिटवून दाखवणारं) बटण असेल तर ते दाबून समोरून लेन्समध्ये बघावं. एफ/२ वर फारसं काही हलत नाही. एफ/११ ठेवून दाबलं की आतली पाती सरकन पुढे येतात आणि मधे एवढंसं बहुकोनी छिद्र उरतं.

टेबलावर तीन वस्तू एकामागे एक ठेवून, कॅमेरा ट्रायपॉडवर चढवून मी एकेका आकड्यावर फोटो काढत गेले. एफ/१.८ वर, साधारण एक मीटर अंतरावरून, ५० मिमीच्या लेन्सने स्पष्ट भाग मिळतो तो जेमतेम काही सेंटिमीटर. चेहरा थोडा तिरका असेल तर एक डोळा फोकसमध्ये आणि दुसरा बाहेर. धूसर पार्श्वभूमीच्या हौसेने सगळं एफ/१.८ वर काढायचं हा नव्या लेन्सचा ताप असतो, तो उतरला की माणसं एफ/४ वर येतात. दुसऱ्या टोकालाही फार जाण्यात अर्थ नाही. त्याच टेबलावरची छापील अक्षरं एफ/२२ वर एफ/८ पेक्षा मऊ आली. बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो, त्याचा हा परिणाम.

आयएसओबद्दल मी फारच घाबरून होते. कुठेतरी वाचलं होतं की १०० च्या वर गेलं की फोटो बिघडतो. प्रत्यक्षात दाणे येतात ते मुळात सेन्सरवर उजेड कमी पोहोचल्यामुळे. आयएसओ त्या तुटपुंज्या उजेडाला वाढवून दाखवतो. कमी आयएसओवर अंधारा फोटो काढून नंतर कॉम्प्युटरवर उजळला तरी दाणे येतातच, कित्येकदा जास्त. ३२०० वर काढलेला दाणेदार पण स्पष्ट फोटो ठेवण्यासारखा असतो, हललेला फोटो डिलीटच करावा लागतो.

इथे मला सगळ्यात उपयोगी पडलेली सेटिंग सापडली, आणि ती मेन्यूत खोल दडलेली होती. ऑटो आयएसओ चालू ठेवायचा आणि त्याखाली किमान शटर स्पीड ठरवून द्यायचा. डायल ‘ए’ वर (कॅननवर ‘एव्ही’; यात ॲपर्चर आपण ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो), किमान शटर १/१२५, आयएसओची वरची मर्यादा ६४००. आता ॲपर्चर माझ्या हातात, उजेड कमी पडला की कॅमेरा आधी आयएसओ चढवतो, आणि तो ६४०० ला पोहोचेपर्यंत शटर १/१२५ च्या खाली जाऊ देत नाही. घरातले हललेले फोटो जवळपास संपलेच.

‘खरा फोटोग्राफर एम वरच (सगळं हाताने ठरवायच्या मॅन्युअल मोडवरच) काढतो’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की काही काळ इमानेइतबारे एम वर काढत राहिले. माझं मत सांगते: ढग ये-जा करत असताना दर फोटोला चाक फिरवत बसणं हा वेळेचा अपव्यय आहे. एम कामाचा तिथे, जिथे उजेड ठरलेला असतो आणि कॅमेऱ्याचा अंदाज मधे यायला नको असतो: रंगमंच, रात्रीचं आकाश, जोडून पॅनोरमा करायचे फोटो.

आणि अंदाज चुकतो हे नक्की. ए मोडवर सगळं सुरळीत चाललं असतानाही पांढऱ्या वस्तू मळकट येत होत्या. मग मुद्दाम एक पांढरा कागद घेतला, सगळी चौकट त्याने भरली आणि फोटो काढला. तसाच एक काळ्या कापडाचा. स्क्रीनवर दोन्ही शेजारी आणले तर दोन्ही राखाडी! कागदाचा पोत आणि कापडाची वीण दिसली म्हणून, नाहीतर कुठला कोणता ते सांगता आलं नसतं. कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर समोर काय आहे ते जाणत नाही. दृश्याची सरासरी मधल्या राखाडीजवळ जाते असं ते गृहीत धरतं. परंपरेने हा राखाडी १८ टक्के प्रकाश परत पाठवणारा मानतात. पांढरं जास्त असेल तर ते दाबतं, काळं जास्त असेल तर उजळतं.

यावर उतारा म्हणजे अधिक-उणे चिन्हाचं बटण, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन. पांढरा कागद +१ ते +१.७ वर पांढरा आला, कापड −१ च्या आसपास काळं. खिडकीला पाठ करून बसलेल्या माणसाला अधिक, काळ्या पडद्यासमोर एकट्या प्रकाशझोतात उभ्या असलेल्याला उणे. नवख्याने एकच बटण अंगवळणी पाडायचं तर मी हेच सांगेन. पडताळा घ्यायला हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजळपणाचा आलेख, आहे: डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं, आणि आलेख उजव्या भिंतीवर आपटला की तिथला तपशील गेला. स्क्रीनच्या उजळपणावर विश्वास ठेवू नये. अंधारात तीच स्क्रीन फोटो फार छान आल्याचा भास करून देते.

फोकसवर सगळ्यात जास्त वेळ गेला. कॅमेऱ्याला मोकळं सोडलं तर तो बहुधा जवळची, ठळक कडा असलेली वस्तू पकडतो. फांदीवरच्या पक्ष्याऐवजी अलीकडचं पान. म्हणून चौकटीतला एकच फोकस पॉइंट (जिथे कॅमेऱ्याने फोकस करावा ती जागा) निवडायला शिकले. मग मोड: स्थिर वस्तूसाठी एएफ-एस, हलणाऱ्यासाठी एएफ-सी. कॅननमध्ये यांनाच वन शॉट आणि सर्व्हो म्हणतात. बटण अर्धं दाबून धरलं की एएफ-एस एकदा फोकस करून तिथेच थांबतो, एएफ-सी मागोमाग जात राहतो. चालत येणाऱ्या माणसाचा फोटो एएफ-एसवर घेतला तर फोकस तो आधी होता तिथे. मधल्या पॉइंटवर फोकस पकडून मग चौकट वळवायची जुनी सवय एफ/८ वर खपून जाते, एफ/१.८ वर कॅमेरा वळवण्याच्या नादातच डोळा फोकसबाहेर जातो. डोळा ओळखणारा फोकस असेल तर सरळ तोच वापरावा, त्यात कमीपणा कसला?

याच सुमारास एक बारीकसं चाक सापडलं, व्ह्यूफाइंडरच्या (डोळा लावून बघायच्या खिडकीच्या) शेजारी. डायॉप्टर. व्ह्यूफाइंडरमधून सगळंच अंधुक दिसत असेल तर लेन्सला दोष देण्याआधी ते फिरवावं, आणि दृश्याकडे न बघता आतले आकडे ठसठशीत दिसेपर्यंत फिरवावं.

व्हाइट बॅलन्सबद्दल, म्हणजे उजेडाच्या रंगाप्रमाणे फोटोचे रंग जुळवण्याबद्दल, थोडक्यात. उजेडाचा रंग केल्विनमध्ये सांगतात. पिवळा बल्ब २७०० ते ३००० केल्विन, दुपारचं ऊन साधारण ५५००, सावली ७००० च्या वर. कॅमेऱ्यात आकडा वाढवला की फोटो पिवळट होतो, निळा नाही. कारण तो आकडा ‘उजेड एवढा निळा आहे’ असं कॅमेऱ्याला सांगतो आणि कॅमेरा त्याची भरपाई करतो. मी हे ऑटोवर सोडते आणि रॉ फाइल ठेवते. बहुतेक सेन्सरवर प्रत्येक पिक्सेल एकाच रंगाचा उजेड मोजतो, चारांतले दोन हिरवे, एक लाल, एक निळा. कोडॅकच्या ब्राइस बायर यांना या मांडणीचं पेटंट १९७६ मध्ये मिळालं. रॉमध्ये ही मोजणी जशीच्या तशी राहते, म्हणून रंगांचा हिशेब नंतर बदलता येतो. जेपेगमध्ये तो आधीच पक्का झालेला असतो, बदलायला वाव थोडा.

एलईडी दिव्यांखाली कधी फोटोत आडवे पट्टे येतात, त्यानेही मला छळलं. विजेचा पुरवठा ५० हर्ट्झचा असेल तर बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. तिथे शटर १/१०० किंवा १/५० वर आणलं की पट्टे जातात. ६० हर्ट्झला १/१२० च्या जवळचा किंवा १/६०. निःशब्द इलेक्ट्रॉनिक शटर वापरत असाल तर आधी ते बंद करून बघावं.

बाकीच्या मेन्यूतलं बरंचसं एकदा लावून विसरण्याजोगं आहे: तारीख, फाइलचा प्रकार, बीपचा आवाज बंद. कॉम्पेन्सेशन तेवढं दर वेळी शून्यावर आणते, कारण बऱ्याच कॅमेऱ्यांत ते बंद करून चालू केलं तरी तसंच राहतं. फ्लॅशला अजून हात लावलेला नाही. साध्या सिंकमध्ये (फ्लॅश आणि शटर जुळवताना) बहुतेक कॅमेऱ्यांत शटर १/२०० किंवा १/२५० च्या वर नेता येत नाही, म्हणजे शटरचं माझं आतापर्यंतचं गणित तिथे पुन्हा मांडावं लागणार.