पद्मिनी, 1976 : इंजिन क्रमांकातला आठ अखेर सापडला

मागच्या नोंदीत मी लिहिले होते की, इंजिनचा मूळ ब्लॉक (सिलिंडर असलेला मुख्य ओतीव भाग) मिळाला नाही तर माझी 1976 ची प्रीमियर पद्मिनी मोटार रस्त्यावर आणण्याचा विचार या वर्षापुरता बाजूला ठेवावा लागेल. तीन आठवड्यांपूर्वी तो ब्लॉक मिळाला, पण त्यावरचा क्रमांक आरसी बुकातल्या, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रातल्या, क्रमांकाशी एका आकड्यावर अडला. मधले सगळे दिवस त्या एका आकड्यामागे गेले, आणि परवा तो प्रश्न सुटला.

पार्श्वभूमी बहुतेकांना ठाऊक आहे. आधीच्या मालकांनी, ज्यांना मी काका म्हणतो, 2007 साली मूळचे 1,089 सीसीचे इंजिन काढून प्रीमियरच्याच 118 एनई या मोटारीचे 1,171 सीसीचे निस्सान इंजिन आणि त्याचा फ्लोअर गिअर (सीटशेजारी जमिनीवरून वर येणारा गिअरचा दांडा) बसवला. काम सुबक होते, पण आरसीत ना इंजिनचा क्रमांक बदलला ना क्षमता. गाडीची नोंदणी नोव्हेंबर 1976 ची; पहिल्या पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण होत गेले, शेवटची मुदत 2011 मध्ये संपली आणि तेव्हापासून गाडी ठाण्यातल्या कोपरीतल्या इमारतीच्या आवारात उभी राहिली. बसवलेले इंजिनच नोंदवून घेता येईल, या आशेवर मी वर्षभर होतो. दोन्ही इंजिने प्रीमियरच्याच गाड्यांतली असल्याने बनावट एकच म्हणता येईल, असा माझा युक्तिवाद होता. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा निकाल शांतपणे वाचल्यावर तो युक्तिवाद मी सोडून दिला. उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल चालत नाही. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीच्या मान्यताप्राप्त किटची सवलत वेगळी. निस्सानचे इंजिन कितीही गोड चालत असले, तरी ते या गाडीच्या कागदात बसत नाही.

ब्लॉक सापडला तो वागळे इस्टेटमधल्या ज्या उस्तादांनी 2007 साली अदलाबदल केली होती, त्यांच्याच शेडमध्ये. मी फक्त जुना कार्ब्युरेटर आहे का, हे विचारायला गेलो होतो. ते म्हणाले, "साहेब, नंबराचा ब्लॉक कोणी भंगारात देतं का?" आणि त्यांनी माळ्यावरून गोणपाटात गुंडाळलेला ब्लॉक खाली उतरवला. चारही सिलिंडरांत त्यांनी त्या वेळी गिअर ऑइल ओतून ठेवले होते. एवढी काळजी घेणाऱ्या माणसाचे ऋण कसे फेडावे, हे मला अजून समजलेले नाही.

क्रमांकाची पट्टी तेलकट काजळीखाली पूर्ण झाकली गेली होती. इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो: ग्राइंडरला वायर व्हील लावून अशी पट्टी कधीही साफ करू नये. ठोकलेले आकडे उथळ असतात, व्हीलने त्यांच्या कडा गुळगुळीत होतात, आणि तपासणीच्या वेळी क्रमांक घासल्याचा संशय आला की पुढचे सगळे अवघड होऊन बसते. मी रॉकेलमध्ये भिजवलेले फडके रात्रभर त्यावर ठेवले, सकाळी पितळी ब्रशने हलक्या हाताने घासले, खडूची पूड चोळली आणि पातळ कागद धरून पेन्सिलची छाप घेतली. सगळे आकडे स्वच्छ उमटले. चौथा आकडा 8 होता. आरसी बुकात तिथे 3 होता, आणि जुनी नोंद संगणकात नसल्यामुळे मी चार महिन्यांपूर्वी जी बॅकलॉग एंट्री करून घेतली होती, तिच्यातही अर्थातच 3 गेला होता.

हा ब्लॉक दुसऱ्याच गाडीचा असावा, असे पहिले दोन दिवस मी धरून चाललो. उस्ताद मात्र ठाम होते, आणि त्यांच्या वहीत काकांच्या गाडीचा क्रमांक व तारीख होती. मग मी आरसी बुकाचे ते पान उन्हात धरून भिंगाखाली पाहिले. चेसिस क्रमांकातही एक 8 आहे, आणि तो फायरवॉलवर (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावर) ठोकलेल्या क्रमांकाशी जुळतो, म्हणजे तो 8 आहे याबद्दल वाद नाही. त्या आठाची वरची गाठ डावीकडून उघडी आहे. ज्यांनी 1976 साली ती नोंद केली, त्यांचा टाक आठ काढताना डावीकडे पुरता जुळत नसे. इंजिन क्रमांकातल्या आकड्याच्या वरच्या गाठीचे वळण हुबेहूब तसेच आहे. खालची गाठ ओल लागून पुसट झाली आहे, म्हणून तो 3 दिसतो.

हे मला पटले, तरी आरटीओ कार्यालयाला पटण्यासाठी कागद हवा होता. काकूंनी जपून ठेवलेल्या पिशवीत 1984 ची विम्याची टंकलिखित पॉलिसी निघाली, आणि तिच्यात इंजिन क्रमांकाचा चौथा आकडा स्पष्ट 8 आहे. ती पॉलिसी, पेन्सिलची छाप, प्रतिज्ञापत्र आणि दुरुस्तीचा अर्ज घेऊन मी गेलो. तिथल्या बाईंनी कार्यालयातले 1976 चे नोंदणी पुस्तक काढायला लावले, आणि त्यातही 8 निघाला. परवा संगणकातली नोंद दुरुस्त झाली. एवढा आनंद मला या गाडीने आजवर दिला नव्हता. एचएसआरपी (उच्च सुरक्षा क्रमांकाच्या) पाटीची मागणीही आता नोंदवता येईल, कारण तिथेही इंजिनचा क्रमांक जुळावा लागतो.

आता ब्लॉककडे. पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरात गंजाचे कडे आहे. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मोजला तर 68 मिमीऐवजी 68.5 च्या आसपास भरतो, म्हणजे एकदा बोअरिंग (आतून घासून व्यास वाढवणे) झालेले आहे. पुढच्या मापाला, 68.6 ला, नेण्याचे मी ठरवले होते. मात्र हे लिहिताना हिशेब केला, तर 75 मिमीच्या स्ट्रोकला (पिस्टनच्या वरखाली होण्याच्या अंतराला) क्षमता 1,109 सीसीच्या घरात जाते. एवढ्यावर कोणी बोट ठेवणार नाही, हे मला माहीत आहे, कारण बोअरिंग ही नेहमीची दुरुस्ती आहे. तरीही ज्या गाडीचे कागद जुळवण्यात इतका काळ गेला, तिचे इंजिन आरसीप्रमाणे 1,089 चेच असावे, असे मनापासून वाटते. म्हणून चारही सिलिंडरांना आतून स्लीव्ह (धातूची नळी) घालून पुन्हा 68 चे माप करून घेईन. खर्च वाढेल, पण त्या मापाचे पिस्टन ऑपेरा हाउसच्या बाजारात बघता येतील. कुर्ल्याहून मी आणलेल्या पिस्टन रिंगांच्या संचात दोन रिंगा वेगळ्या मापाच्या निघाल्या, त्यामुळे यापुढे दुकानातच मायक्रोमीटर लावल्याशिवाय पैसे देणार नाही.

खरी चिंता गिअरबॉक्सच्या टनेलची, म्हणजे गिअरबॉक्सवरच्या जमिनीच्या उंच पत्र्याची, आहे. फ्लोअर गिअरसाठी 2007 मध्ये तो वरून कापला गेला, आणि या गाडीला वेगळी चेसिस (खालचा सांगाडा) नसल्यामुळे तो काप थेट बॉडी शेलमधला आहे. येत्या नोव्हेंबरात गाडीला पन्नास वर्षे पूर्ण होतील, म्हणून अनेकांनी 2021 च्या नियमांखालची व्हिंटेज नोंदणी सुचवली. त्या नियमांत चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे, आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी काढताही येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन, देखभाल एवढ्यापुरतीच. मला रविवारी पहाटे घोडबंदर रोडने गायमुखपर्यंत जायचे आहे, त्यामुळे फॉर्म 25 भरून साधे नूतनीकरणच करेन. वीस वर्षांपुढच्या मोटारींना ऑगस्ट 2025 पासून त्याचे 10,000 रुपये शुल्क आहे, ते भरण्याची तयारी आहे. टनेल मात्र मूळ आकारात वेल्ड करूनच घेणार, कारण स्टेअरिंगवरच्या गिअरचा दांडा परत बसवायचा तर तो काप ठेवून चालणार नाही.

पुढच्या चाकांना असलेले 118 एनईचे डिस्क ब्रेक उतरवून ड्रम लावणे जिवावर येते, पण तेही करीन. रंगबदलाची नोंद 1994 मध्येच झालेली असल्याने तिकडे काही अडचण नाही. पीयूसीसाठी (धुराच्या प्रदूषण तपासणीसाठी) 3 टक्के कार्बन मोनॉक्साइड आणि 1,500 पीपीएम हायड्रोकार्बनची मर्यादा आहे, आणि नीट लावलेला सोलेक्स कार्ब्युरेटर त्यात बसावा.

कळव्याला एका स्नेह्यांकडे 1979 ची न कापलेली पद्मिनी आहे. शनिवारी पुठ्ठा, कात्री आणि मोजपट्टी घेऊन तिच्या टनेलचा साचा काढायला जाणार आहे, आणि त्याच दिवशी ब्लॉक स्लीव्हसाठी वागळे इस्टेटला पोहोचवणार आहे.