एसेनमधला एक मिनिट

जुलै २०२५ मध्ये जर्मनीच्या राईन-रुहर भागात जागतिक विद्यापीठ क्रीडा स्पर्धा झाल्या. तायक्वांदोचे सामने एसेनच्या 'मेसे' या प्रदर्शन केंद्रात होते. संघाचा कोच म्हणून मी गेलो होतो. या वेळी वेगळं क्रीडाग्राम नव्हतं, मुक्काम हॉटेलात. मुख्य स्टेशनवरून यू-११ ही शहरी रेल्वे पकडली की मेसेच्या दारात. एकेकाळी हा सगळा कोळसा खाणींचा मुलूख. इथली त्सोलफेराइन खाण १९८६ मध्ये बंद झाली, आता ती जागतिक वारसा आहे. ती पाहायला मात्र सवड मिळाली नाही, कारण आमचा जीव वजनकाट्यात अडकलेला होता.

वजन आदल्या दिवशी होतं. शिवाय सामन्याच्या सकाळी काही खेळाडूंना पुन्हा काट्यावर बोलावतात, आणि तेव्हा ५ टक्क्यांपर्यंतच सूट असते. त्यामुळे रात्री पोटभर जेवायचीही सोय नाही. आमची ४९ किलो वजनगटातली मुलगी हॉटेलच्या लॉबीत सेमिस्टरच्या नोट्स वाचत बसली होती. या वयातली ही दुहेरी ओढाताण पाहिली की मला या मुलांचं फार कौतुक वाटतं.

तिची प्रतिस्पर्धी उंच होती. पुढचा पाय उचलून धरायची आणि जवळच येऊ द्यायची नाही. पहिला राउंड गेला. पण तीनपैकी दोन राउंड जिंकायचे असतात आणि प्रत्येक राउंड शून्यापासून सुरू होतो. मधल्या एका मिनिटात कोचने एकच गोष्ट सांगावी, असं माझं ठाम मत आहे. दहा सूचना दिल्या तर एकही मॅटवर पोचत नाही.

"सर, ती आत शिरूच देत नाही."

"तिचा पाय खाली येताना आत जा. मागे हटू नकोस."

दुसरा राउंड आमच्या मुलीने घेतला. तिसऱ्यात ती ३ गुणांनी मागे असताना तिची बॅक किक, म्हणजे गिरकी घेऊन मारलेली लाथ, समोरच्या मुलीच्या सेन्सर असलेल्या चेस्ट गार्डवर सणकून बसली. फलकावर २ गुणच चढले. सेन्सरला जोर कळतो, गिरकी कळत नाही. गिरकीचे जादा २ गुण पंचांनी द्यायचे असतात. मी ताबडतोब अपिलाचं कार्ड वर केलं. अपील फेटाळलं असतं तर कार्डही गेलं असतं. व्हिडिओ पाहिला गेला, २ गुण वाढले आणि ती एका गुणाने पुढे गेली. शेवटची ११ सेकंद रेषेबाहेर एक पाऊल पडलं असतं तरी समोरच्या मुलीला एक गुण मिळाला असता. आमची मुलगी रेषेजवळ गेलीच नाही, उलट पुढे सरकत राहिली.

पुढच्या फेरीत ती हरली. तिच्या डाव्या पायाच्या किका सारख्या अडवल्या गेल्या. परतीच्या यू-११ मध्ये तिनेच फोनवर व्हिडिओ लावला आणि म्हणाली, "सर, परीक्षा आटोपली की डाव्या पायावरच काम करू." मी तिथेच बसून पुढच्या महिन्याचं वेळापत्रक लिहायला घेतलं.