केंद्रक मधोमध नव्हतं

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा असा निरोप आला, तेव्हा मला आधी आठवली ती हेडसरांच्या कपाटातली लाकडी पेटी. शाळेचा एकुलता एक मायक्रोस्कोप तिच्यात असायचा. किल्ली विज्ञानाच्या बाईंच्या पर्समध्ये. वर्षातून दोन-तीनदा पेटी वर्गात यायची आणि शिपाईमामा ती तान्हं बाळ आणावं तशी दोन्ही हातांवर धरून आणायचे.

१९८८ साली आम्ही आठवीत होतो. बाईंनी सांगितलं, उद्या येताना एक कांदा आणा. कोणी आणायचा ते सांगायचं राहिलं. लासलगावच्या पट्ट्यातली पोरं आम्ही; दुसऱ्या दिवशी टेबलावर तीन पिशव्या भरून कांदा, आणि कुणाचा उन्हाळ कांदा जास्त टिकतो यावरून मागच्या बाकांवर भांडण. प्रयोगाला एक पाकळी पुरली. बाकीचा माल मामांच्या घरी गेला.

बाईंनी ती जाड पाकळी कटकन मोडली आणि आतल्या खोलगट बाजूचा पापुद्रा चिमट्याने अलगद ओढला. सायीपेक्षा पातळ. तो पाण्यात सोडला, कारण हवेत लगेच गुंडाळतो. मग काचपट्टीवर घेऊन सॅफ्रनिन या लाल रंगाचा एक थेंब, आणि कव्हरस्लिप, म्हणजे वरून झाकायची पातळ काच, सुईच्या आधाराने तिरकी टेकवत हळूहळू खाली. धपकन टाकली की बुडबुडे अडकतात, आणि काळ्या कडेचे ते गोल बुडबुडेच पोरं 'पेशी' म्हणून काढतात, असं त्या म्हणाल्या. तरी आमच्यातल्या चौघांनी काढलेच.

रांगेत प्रत्येकाला दहा आकडे म्हणेपर्यंत वेळ. माझी पाळी आली तेव्हा नुसता पांढरा उजेड. बाईंनी आरसा खिडकीकडे वळवला, बारीक चाक जरासं फिरवलं, आणि एकदम दिसलं. चांदवडच्या डोंगरावरून खाली पाहिलं की वाफे आणि त्यांचे बांध दिसतात ना, अगदी तसं. लांबट, एकाला एक चिकटलेले गुलाबी वाफे. पट्टी उजवीकडे सरकवली की ते डावीकडे पळायचे. 'दुसरा डोळा मिटू नकोस, दोन्ही उघडे ठेव,' असं बाई म्हणेस्तोवर मागून 'दहा!' झालं.

घरी जर्नलमध्ये मी झकास आकृती काढली. पट्टीने आखल्यासारख्या पेशी आणि प्रत्येकीच्या बरोब्बर मध्यभागी केंद्रकाचा ठिपका. बाईंनी ती पाहिली आणि विचारलं, 'सगळ्यांत मधोमध होतं का रे?'

'बाई, पुस्तकात तसंच आहे.'

'पुस्तकवाल्याने कांदा बघून काढलं असेल. तू पुस्तक बघून काढलंस.'

शाळा सुटल्यावर त्यांनी पुन्हा पेटी उघडली. त्या पेपर तपासत बसल्या आणि मी जवळजवळ तासभर एकटा. मधोमध फारच थोड्या पेशींत होतं. बहुतेकींत केंद्रक कडेला, भिंतीला टेकून बसलेलं, कारण आतली बरीचशी जागा रिक्तिकेने, म्हणजे पेशीतल्या पाणीदार पिशवीने, अडवलेली असते. दोन-तीन पेशींत तर मला ते सापडलंच नाही. सापडलं नाही तर काढू नकोस, म्हणाल्या. रॉबर्ट हूकने १६६५ साली बुचाच्या पातळ कापाचं चित्र छापलं, त्यात नुसते रिकामे कप्पे आहेत. बूच म्हणजे मेलेल्या पेशी, आत काही उरलेलंच नव्हतं, म्हणून त्याने काही काढलं नाही. कांद्याची दुसरी आकृती माझी वेडीवाकडी आली. तिला दहापैकी आठ मिळाले.

एक कबुलीही देऊन टाकतो. पुढच्या महिन्यात गालाच्या पेशी होत्या. गालाच्या आतून काडी फिरवायची, वर मिथिलीन ब्लू हा निळा रंग. या पेशींना भित्तिका नाही, त्यामुळे चुरगळून फेकलेल्या कागदासारख्या कशाही पसरलेल्या. अजून मोठं पाहावं म्हणून मी ४५ ची भिंग लावली आणि बारीक चाकाऐवजी मोठं चाक फिरवलं. कर्र आवाज झाला. कव्हरस्लिपचे तुकडे मी खिशात घातले. भिंगेवरच्या ओरखड्याबद्दल नंतर सगळ्या वर्गाने बोलणी खाल्ली. तो मीच होतो.

गेली सत्तावीस वर्षं मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. मोजणी आता यंत्र करतं, आम्ही शंका आली की स्लाइड बघतो. गेल्या पावसाळ्यात यंत्राने एका आजींच्या प्लेटलेट ३८ हजार दाखवल्या. डेंग्यूचे दिवस, मुलगा काउंटरवर रडवेला, आणि आजी स्वतः खुर्चीत बसून पिशवीतली केळी खात होत्या. रिपोर्ट न देता मी स्मीअर केला, म्हणजे काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर पसरला, लिशमन नावाच्या रंगाने रंगवला, १०० च्या भिंगेखाली तेलाचा थेंब घालून पाहिला. कडेला प्लेटलेटचे घोसच्या घोस. काही जणांच्या रक्तात, ते गोठू नये म्हणून नळीत असलेल्या ईडीटीए या रसायनामुळे, त्या एकमेकींना चिकटतात आणि यंत्राला अख्खा घोस प्लेटलेट वाटतच नाही. ईडीटीएऐवजी सायट्रेट असलेल्या नळीत पुन्हा रक्त घेतलं, आकडा दीड लाखाच्या पुढे गेला. आजींनी जाताना मला एक केळं दिलं.

एक डोळा मिटायची खोड मात्र गेली नाही. लॅबच्या मायक्रोस्कोपला दोन नळ्या आहेत, म्हणून निभावतंय.